कठोर मर्यादा

राजनंदिनी चितपट झाली तेव्हा लाउडस्पीकरवरून तिच्याच बापाचा आवाज येत होता.

"गेली, गेली, खोतांची पोरगी गेली! सांगलीच्या वाघिणीनं घिस्सा डावावर अशी घेतली मंडळी, की आभाळाला नमस्कार करूनच उठली!"

लोक हसले. उन्हाळे असह्य झाल्यापासून कुस्तीची मैदानं सकाळीच भरत. नऊ वाजत आले होते आणि गर्दीला घरी जायची घाई लागली होती, पण विश्वजित खोत बोलायला लागला की कुणी उठत नसे. मधला आजारपणाचा काळ सोडला तर पंचवीस वर्षं कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातलं एकही मोठं मैदान त्याच्या निवेदनाशिवाय झालं नव्हतं. एखाद्या रटाळ कुस्तीत तो असा रंग भरायचा की हरलेला पैलवानसुद्धा हसत बाहेर यायचा.

नंदिनी हसली नाही. तोंडात माती गेली होती, ती थुंकत ती उभी राहिली.

"खोतांच्या घरात आता दोघं पडलेली हायती बघा," आवाज पुढं सरकला. "मी पडलो ती मेंदूतली नस फुटून. हिची कुठली नस फुटली, डॉक्टरला इचारावं लागंल!"

पुन्हा हशा. हशा आला की विश्वजितला थांबता येत नसे. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून आधी बाहेर पडे आणि मग त्याला कळे.

"आणि हिची आई! ती बी अशीच. दवाखान्यात जरा पाठ टेकली, ती उठलीच न्हाई!"

या वेळी काही लोक हसले आणि मध्येच थांबले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं मान खाली घातली. नंदिनीनं माइककडं एकदाच पाहिलं. मग टॉवेल खांद्यावर टाकून ती मैदानाबाहेर चालत गेली. पुढच्या जोडीची नावं पुकारणारा बापाचा आवाज वेशीपर्यंत तिच्या पाठीमागं येत राहिला.

*

हा आवाज तीन वर्षांपूर्वी मेला होता.

विश्वजितच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं समजे, पण शब्द हाती लागत नसत. लिहिणंही गेलं, कारण जिथून शब्द येतात तीच विहीर आटली होती. तो नंदिनीकडं बघून तासन्‌तास रडायचा. तेव्हा ती कॉलेजात होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बापाला घास भरवणं, अंघोळ घालणं, पहाटे तालमीत जाणं, सगळं तिनं एकटीनं केलं.

मग वाचासेतू आला. चिंचोक्याएवढं ते यंत्र कानामागच्या हाडात बसवत. बोलण्याचा भाग मेला असला तरी 'मला काय म्हणायचंय' हे ठरवणारे भाग शाबूत असत. यंत्र त्यांच्या लहरी ओळखी, त्यांतून शब्द जुळवी आणि जिभेला, घशाला, ओठांना हुकूम देई. म्हणून आवाज त्या माणसाचाच राही.

बसवल्यावर पहिले काही महिने यंत्र विश्वजितचा मेंदू शिकत होतं आणि विश्वजितचा मेंदू यंत्र शिकत होता. पहिला शब्द आला तो 'नंदू'. ती हॉस्पिटलच्या फरशीवर बसून हमसून रडली होती. वर्षभरानं तो माइकवर परतला. यंत्राला दम लागत नसल्यानं तो आता पूर्वीपेक्षा जास्त बोले.

यंत्राची देखभाल हॉस्पिटलातली तबस्सुम शिकलगार ही इंजिनिअर करी. तिनं नंदिनीला सुरुवातीलाच सगळं समजावलं होतं.

"आत एक मुख्य प्रोग्रॅम आहे. आम्ही त्याला शेल म्हणतो. तो स्वतः बोलत नाही. तुझ्या वडिलांच्या मनात वाक्य आलं की तो एका पोराला जन्म देतो. पोर म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ते पोर वाक्य जुळवतं, बोलतं आणि संपतं. पुढच्या वाक्याला नवं पोर."

"प्रत्येक वाक्याला?"

"प्रत्येक. आणि एखादं पोर बेफाम झालं, न संपणारं वाक्य जुळवत बसलं, तर ते यंत्राची सगळी मेमरी खाईल. यंत्र तापेल. त्याला चिकटलेला मेंदू भाजेल. म्हणून शेल स्वतःवर मर्यादा घालून घेतो, आणि त्याचं प्रत्येक पोर तीच मर्यादा घेऊन जन्माला येतं. बापापेक्षा जास्त खायची पोराला मुभा नाही."

पेशंटचा पालक म्हणून नंदिनीच्या फोनवर एक पट्टी दिली होती. ती सरकवली की विश्वजितची वाक्यं लांब किंवा आखूड होत. यंत्राला विश्रांती हवी असेल तेव्हा पट्टी खाली आणायची, सकाळी वर. मात्र ती बारा शब्दांच्या खाली जात नसे. एकदा यंत्र अडकलं तेव्हा तबस्सुमनं फोनवरून नंदिनीकडून पट्टीमागची काळी खिडकी उघडून घेतली होती आणि तिथं दोन-चार आज्ञा टाइप करवून घेतल्या होत्या. ती थेट शेलशी बोलायची जागा होती. तिथं बाराची अट नव्हती.

*

जत्रेच्या मैदानानंतर चार दिवस नंदिनी बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "आईबद्दल बोललात त्याची माफी मागा."

"कुणाची? लोक हसली न्हवं?"

"माझी."

"अगं, माइकवरचं बोलणं ते. माइक बंद झाला की संपलं. मी कुठं मनातनं बोलतोय? तुझ्या आईला मी किती..." तो थांबला आणि भाकरी मोडू लागला. "लई मनावर घेतीस तू. म्हणून हरतीस."

दुपारी राज्याच्या निवड समितीचे दोन सदस्य घरी येणार होते. वर्षभराच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या आणि नंदिनी हरली असली तरी तिचं नाव अजून यादीत होतं. "आज जरा कमी बोला," ती बापाला म्हणाली. तो म्हणाला, "माझ्याच घरात?"

पाहुणे आले. पोहे झाले. सदस्यांपैकी कदमबाई स्वतः जुन्या पैलवान होत्या. त्यांनी नंदिनीला तिचा व्यायाम, आहार, गुडघ्याचं दुखणं असं काहीबाही विचारायला सुरुवात केली. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विश्वजितच देत होता. मग त्याला कथा सुचल्या. मग विनोद. पाहुणे हसताहेत असं दिसलं आणि तो खुर्चीत पुढं सरकला.

"परवाच्या मैदानात काय झालं ठाऊक हाय का?"

नंदिनी चहा आणायला आत गेली. ओट्यापाशी उभं राहून तिनं फोन काढला. पट्टी बारावर आणली. बाहेरचा आवाज चालूच होता. बारा शब्दांत बाप भरपूर काही बोलू शकत होता. तिनं काळी खिडकी उघडली. तबस्सुमनं टाइप करवून घेतलेली मर्यादेची आज्ञा तिला पाठ होती. शब्दांच्या जागी तिनं चारचा आकडा टाकला आणि बोट टेकवलं. यंत्रानं काही विचारलं नाही. एक ओळ खाली सरकून ते पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागलं.

"हिची आई बी अशीच," विश्वजित बाहेर म्हणाला आणि तिथंच तुटला.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. "दवाखान्यात जरा पाठ टेकली." ओठ हलत राहिले, आवाज आला नाही. त्यानं गळ्याला हात लावला. ट्रे घेऊन नंदिनी बाहेर आली तेव्हा तो तिच्याकडंच बघत होता. तिनं नजर चुकवली आणि पाहुण्यांना कप दिले.

"पप्पांच्या यंत्राला अधूनमधून विश्रांती लागते," ती म्हणाली.

त्यानंतर कदमबाईंनी जे विचारलं त्याची उत्तरं तिनं स्वतः दिली. आपला आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. पाहुणे गेले तेव्हा शिबिरातली जागा पक्की झाली होती. ती दारातच उभी राहिली, कुणी न बघता जरा हसली, आणि मग बापाला मोकळं करायला फोन काढला.

पट्टी बारावर न्यायला गेली तर सरकेना. काळ्या खिडकीत तिनं चाळीसचा आकडा टाकला. उत्तर आलं: परवानगी नाही. वीस टाकला. परवानगी नाही. पाच टाकला.

परवानगी नाही.

*

तबस्सुमनं विश्वजितच्या कानामागं यंत्रातलं वाचणारं उपकरण लावलं आणि पडद्यावरच्या ओळी वाचता वाचता एका ओळीवर थांबली.

"हे कुणी टाइप केलं?"

"मी," नंदिनी म्हणाली. "एका दुपारपुरतं."

तिनं बापाकडं पाहिलं नाही. तो म्हणाला, "मला ठाऊक हाय."

तबस्सुमनं खुर्ची वळवली. "प्रत्येक गोष्टीला दोन मर्यादा असतात. एक मऊ, एक कठोर. तुझी पट्टी मऊ मर्यादा हलवते. ती खाली-वर कशीही करता येते, पण कठोर मर्यादेच्या आत. कठोर मर्यादा म्हणजे वरचं छत. छत खाली आणायला कुणाची परवानगी लागत नाही. वर न्यायला मात्र मूळ किल्ली लागते. शेलला स्वतःला बांधून घेता येतं, स्वतःला सोडवता येत नाही."

"असं का?"

"कारण जे स्वतःच वाढवता येतं ते छत कसलं? बिघडलेल्या प्रोग्रॅमनं पहिल्यांदा तेच केलं असतं. कॉम्प्युटरांत हा नियम साठ-सत्तर वर्षं आहे." तिनं पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आज्ञेत एक अक्षर जास्त लागतं, फक्त मऊ मर्यादा बदल असं सांगायला. तू ते घातलं नाहीस. ते नसलं की शेल दोन्ही मर्यादा एकदम बदलतो."

"मग मूळ किल्लीनं करा ना. तुमच्याकडं असेल."

"कुणाकडंच नाही. मध्यंतरी कुणीतरी असल्या यंत्रांत शिरून माणसांच्या तोंडून नको ते वदवून घेतलं. तेव्हापासून कायदा आहे. यंत्र बसवलं की त्याची किल्ली नष्ट करायची. तुझ्या वडिलांची माझ्यासमोर नष्ट केली."

विश्वजित ऐकत होता. त्यानं डाव्या हातानं टेबलावर टकटक केली. "बंद कर. परत चालू."

तबस्सुमनं त्याच्याकडं वळून, जरा मोठ्यानं, त्यालाच उत्तर दिलं. "होय काका, तो एक मार्ग आहे. हा शेल संपवून यंत्र मुळापासून सुरू केलं तर पहिल्या मर्यादा परत येतील. पण दोन वर्षं तुमचा मेंदू ओळखून ओळखून जे तयार झालंय ते ह्या चालू शेलमध्येच आहे. तो संपला की ते गेलं."

"प्रत काढून ठेवा," नंदिनी म्हणाली.

"निघते. मर्यादेसकट निघते." तबस्सुमनं स्कॅन दाखवला. जखमेभोवती एक करडी कड होती. "परत पहिल्यापासून शिकवावं लागेल. आत्ता केलं तर दहातल्या चौघांना जमेल. बाकीचे कायमचे मुके राहतील. आणि ही कड दर महिन्याला घट्ट होतेय. दिवाळीनंतर मी करणार नाही, कारण कुणालाच जमणार नाही. निर्णय तुमचा आहे. कायद्यानं पेशंटच्या बोलण्यावर संमती धरत नाहीत, कारण ते बोलणं यंत्राचं असतं. संमती पालकाची लागते."

"कर," विश्वजित लेकीला म्हणाला. "आजच कर."

"विचार करू, पप्पा," नंदिनी म्हणाली. "दहातल्या सहाजणांचाही विचार करायला हवा."

*

श्रावणात विश्वजित एका लहानशा मैदानात माइकपाशी गेला. संयोजक जुना मित्र होता, त्याला नाही म्हणवलं नाही. नंदिनी प्रेक्षकांत बसली होती.

चार शब्दांनी पोर मरे. नवं पोर जन्माला येऊन कामाला लागेपर्यंत दोन-चार श्वास जात. एरवी लांबलचक वाक्यानंतर पडणारी, म्हणून कुणाच्या लक्षात न येणारी ही गॅप आता प्रत्येक ओळीनंतर पडू लागली.

"लाल लांगेवर कागलचा गडी," विश्वजित म्हणाला. मग थांबला. मैदानात कागलच्या गड्यानं एकेरी पट काढत समोरच्याचा पाय ओढला, समोरचा सुटला, फिरला, मागं गेला. "समोर मिरजेचा वस्ताद पोऱ्या." तोवर कागलचा गडी पाठीवर पडून टाळ्या संपल्याही होत्या. "बघा बघा पट काढला," लाउडस्पीकर म्हणाला.

लोक हसले. असं हसू विश्वजितनं आयुष्यभर मिळवलं होतं, पण ते त्यानं दुसऱ्यावर आणलेलं असे. पोरं त्याची नक्कल करू लागली: चार शब्द, मग तोंड उघडं ठेवून थांबायचं. तिसऱ्या कुस्तीला संयोजकानं येऊन त्याच्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि त्याच्या गळ्यात हार घातला.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "आज जायचं का?"

"आता दुपारी कुठं, पप्पा. शिबिर सुरू होतंय. आठवडाभरात बघू."

शिबिर पुण्यात होतं. शनिवारी ती घरी यायची. बाप दारात उभा असायचा आणि विचारायचा, "आज जायचं का?" कधी तिला सर्दी असे. कधी गुडघा. कधी तबस्सुम रजेवर असल्याचं ती सांगे, आणि एकदा तर तबस्सुम खरोखरच रजेवर होती. दसऱ्यापासून तबस्सुमचे फोन येऊ लागले, ते तिनं उचलले नाहीत.

दहातल्या सहांची भीती खोटी नव्हती. बाप कायमचा मुका झाला तर, हा विचार तिला अंथरुणातून उठवून बसवी. पण दुसरंही काही खरं होतं. ती जिंकत होती. सरावात मोठ्या वजनाच्या मुलींना उचलत होती. आखाड्यात उतरताना पूर्वी कानात एक आवाज असे, हरल्यावर तो काय म्हणेल त्याचा. तो गेला होता. घरी जेवताना पानात काय पडलंय ते तिला कळू लागलं होतं. शेजारणी म्हणत, "खोत किती शांत झाले गं, माणूसच बदलला." तालमीतले म्हणत, "यंत्र बिघडलं ते एका अर्थी बरंच झालं." यंत्र बिघडलं, असंच सगळ्यांना माहीत होतं. बापानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली. त्यानंतरच्या शनिवारी ती घरी आली तेव्हा बाप दारात नव्हता. तबस्सुम सोफ्यावर बसली होती. तिनं चहाला हात लावला नव्हता.

"काकांनी शेजाऱ्यांकडून फोन लावून घेतला," ती म्हणाली. "काल परत स्कॅन केला. आता नाही होणार, राजनंदिनी. मी त्यांना सांगितलंय. तुलाही समोर सांगावं म्हणून थांबले."

ती उठली. दारात चपला घालताना तिनं मागं पाहिलं. "मी सहा वेळा फोन केला तुला," एवढंच बोलून ती गेली.

विश्वजित खिडकीपाशी बसला होता. टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीतरी कुस्ती चालू होती.

"पहिलं चुकून झालं," तो म्हणाला. थोडं थांबून, "दुसरं मुद्दाम केलंस."

"तुम्ही पूर्ण मुके झाला असता तर? सहाजण होतात, पप्पा. दहातले सहा."

"जीव माझा. डाव माझा."

"आणि मी? तुम्हाला भरवलं कुणी? तेव्हा वर्षभर तुमच्या रडण्याचा आवाज ऐकला तो मी. परत तेच ऐकायचं?"

त्यानं तिच्याकडं तोंड वळवलं. तिला वाटलं, नवं पोर जन्माला यायची वाट बघतोय. पण तो नुसताच बघत होता आणि ते तिला सहन होईना. मग जे ती स्वतःशीही बोलली नव्हती ते तिच्या तोंडून सुटलं.

"हरल्यावर घरी यायची मला भीती वाटायची. आता वाटत नाही. ऐकलंत? आईवर विनोद केलात तुम्ही. हजार लोकांसमोर. तुम्हाला चार शब्द पुष्कळ आहेत."

विश्वजितचे ओठ हलले. कदाचित मनात मोठं वाक्य होतं आणि त्यातले कोणते चार बाहेर पाठवायचे ते तो ठरवत होता.

"मनातनं बोललो नव्हतो कधी," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, "तू मनातनं बोललीस."

*

राज्याच्या महिला गदेची स्पर्धा त्या वर्षी कोल्हापुरात होती. खासबाग मैदान भल्या सकाळीच गच्च भरलं होतं. वर कॅमेऱ्यांची ड्रोन घिरट्या घालत होती. अंतिम कुस्तीत नंदिनीसमोर सांगलीचीच ती मुलगी आली. नंदिनीनं तिला सहा मिनिटं फिरवलं, दमवलं आणि मग पाठीवर घेऊन अशी आपटली की पंचानं हात वर करायच्या आधीच हलग्या कडाडल्या.

गदा तिच्या खांद्यावर दिली गेली. फेटा बांधला गेला. आणि मग नवा निवेदक, तिशीतला हौशी गडी, माइकवरून म्हणाला, "मंडळी, ज्यांच्याकडं बघून आम्ही बोलायला शिकलो ते विश्वजितदादा खोत आज इथं हायती. यंत्राच्या बिघाडानं त्यांचा आवाज बांधला गेला. पण आज लेकीसाठी ते दोन शब्द बोलणार!"

लोक उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या. विश्वजितला दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या.

आखाड्याच्या मध्यावरून नंदिनी वर बघत होती. दिवाळीनंतरच्या त्या शनिवारपासून बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज तो येईल असंही तिला वाटलं नव्हतं. 'हिनंच मला मुकं केलं.' तिनं मनात मोजून पाहिले. बरोबर चार भरत होते. एवढ्या लोकांत, एवढ्या कॅमेऱ्यांसमोर ते चार शब्द पुरे होते. तिनं गदा दोन्ही हातांनी धरली. आणि तरी, भीतीच्या खाली, तिला लहानपणासारखं वाटत होतं की आज तो चांगलं बोलेल. जिंकल्यावर तरी बोलेल.

विश्वजितनं डाव्या हातात माइक घेतला. त्याला घाई नव्हती. मैदान शांत होईपर्यंत तो थांबला, पूर्वी थांबायचा तसाच. मग त्यानं सरळ लेकीच्या डोळ्यांत पाहिलं.

"हिला बाप न्हाई."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग वरच्या पायरीवरून एक आरोळी आली, तिला दुसरी मिळाली आणि सगळं मैदान पेटलं. ज्याला तोड नाही त्या पैलवानाला तालमीत म्हणतात, ह्याला कुणी बाप नाही. फेटे हवेत उडाले. नव्या निवेदकानं माइक परत घेतला. "ऐकलंत मंडळी? हिला कुणी बाप न्हाई! यंत्रानं एक शब्द खाल्ला, पण बापाच्या काळजातला अर्थ न्हाई खाल्ला!"

पोरांनी नंदिनीला खांद्यावर उचललं. तिथून तिला बाप पायऱ्या उतरताना दिसला. त्यानं कुणाचा हात धरला नाही आणि एकदाही मागं पाहिलं नाही.

यंत्र शब्द खात नसे. मर्यादा आली की ते वाक्य शेवटाला तोडे, मधलं काही गाळत नसे. आणि हे वाक्य मर्यादेपर्यंत पोचलंच नव्हतं. चौथ्या शब्दाला जागा होती. विश्वजितनं तो दिला नाही.